यादीत घर नव्हते

१ मार्च २०२१ रोजी साठीपुढच्या नागरिकांसाठी आणि ४५ ते ५९ वयोगटातल्या सहव्याधीग्रस्तांसाठी कोविडची लस खुली झाली, तेव्हा आमच्या घरातून पहिला मान नानांना, म्हणजे वडिलांना मिळाला. नाना त्या वेळी सहासष्ट वर्षांचे होते आणि आदल्या वर्षीच्या टाळेबंदीपासून ओट्याच्या पायऱ्या क्वचितच उतरले होते. महिन्याभराने, १ एप्रिलला, पंचेचाळिशीपुढच्या सर्वांना परवानगी मिळाली आणि अठ्ठावन्न वर्षांच्या आईचा क्रमांक लागला. मी अडतीस वर्षांचा, म्हणून यादीबाहेर होतो. पत्नी यादीबाहेर होती. आणि ज्याच्यासाठी सगळे घर वर्षभर जीव मुठीत धरून वावरत होते, तो माझा धाकटा भाऊही यादीबाहेरच होता, कारण त्याचे वय एकतीस होते.

सहव्याधींची जी यादी केंद्र सरकारने तेव्हा प्रसिद्ध केली, तीत वीस आजार होते. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले, डायलिसिसवर असलेले, रक्ताचा कर्करोग झालेले, दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, सिकल सेल आणि थॅलेसेमिया मेजरचे रुग्ण, असे सगळे तीत व्यवस्थित नोंदवलेले होते. यादी करणाऱ्यांना वैद्यकाचे ज्ञान नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. आजार यादीत होता. मात्र त्याच आजाराचा माणूस चव्वेचाळीस वर्षांचा असला, तर तो यादीत नव्हता. नानांना लस द्यायला नेले त्या सकाळी ते गाडीत बसता बसता म्हणाले, "मले आधी कशाले? पोराले द्या ना." ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सबाईंनाही हे कळत होते, पण त्यांच्यासमोरच्या संगणकात जन्मतारखेचा रकाना होता आणि तो रकाना कोणाचे ऐकत नव्हता.

भावाची किडनी २०१८ मध्ये नडियादला बदलली. किडनी आईची. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन या तीन गोळ्या त्याच्या दिवसाचे वेळापत्रक ठरवू लागल्या, आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे दाखवणारा रक्तातला घटक) व टॅक्रोची, म्हणजे टॅक्रोलिमसची, रक्तातली लेव्हल हे शब्द आमच्या घरात केळीच्या भावाइतके रोजचे झाले. शरीराने आईचा अवयव परका म्हणून ओळखू नये, यासाठी ही औषधे शरीराची ओळखण्याची शक्तीच मंद करतात. ती मंद झाली, की शरीर विषाणूलाही उशिरा ओळखते आणि लसीलाही. म्हणजे ज्याला लसीची गरज सर्वाधिक, त्याच्यावरच ती सर्वांत कमी काम करते. ही गोष्ट ऐकायला विपरीत वाटते, पण प्रत्यारोपणाच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ती ठाऊक असते.

कोविडच्या बाबतीत ती आकड्यांतही लवकरच दिसली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अवयव प्रत्यारोपण झालेल्या ४३६ जणांची तपासणी केली, तेव्हा पहिल्या डोसनंतर केवळ १७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडी) सापडली. दोन डोसनंतरच्या त्यांच्या पुढच्या अहवालात हे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले, म्हणजे जवळजवळ निम्मे लोक दोन्ही डोस घेऊनही रिकामेच राहिले होते. मायकोफेनोलेटसारखे औषध घेणाऱ्यांमध्ये प्रतिसाद आणखी कमी होता. हे आकडे एमआरएनए प्रकारच्या लसींचे होते आणि आपल्याकडे मिळत होती ती कोविशिल्ड, त्यामुळे ते जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. पण कारण लसीत नसून गोळ्यांत होते, आणि गोळ्या तिकडे आणि इकडे त्याच होत्या. पुढे दोन्ही डोस झाल्यावर भावाची प्रतिपिंडांची तपासणी आम्ही करून घेतली, ती निगेटिव्ह आली. प्रतिपिंडे म्हणजे सगळी प्रतिकारशक्ती नव्हे, पेशींच्या पातळीवरही काही संरक्षण मिळते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. भावाने मान डोलावली आणि मास्क पुन्हा नाकावर ओढला.

आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात केळीची बाग लावताना शेतकरी बांधाच्या कडेने शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ लावतो. केळीला वारा सोसत नाही. वैशाखातल्या एका वावटळीत पाने फाटून चिंध्या होतात आणि घड लागलेले झाड मोडून पडते. केळीला कितीही खत घातले तरी ती वाऱ्यासमोर उभे राहायला शिकत नाही, म्हणून वारा अडवायचे काम शेवरीने करायचे असते. भावासारख्या माणसाच्या भोवती राहणाऱ्यांना लस देण्यामागचा विचार याहून वेगळा नाही.

हा विचार कोविडने आणलेला नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते, कारण २०२१ मध्ये मी तो बोलून दाखवला की ऐकणाऱ्याला ती आमच्या घराने स्वतःसाठी शोधलेली पळवाट वाटत असे. प्रत्यारोपणाच्या आधीच, २०१८ मध्ये, डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून घरातल्या लसींविषयी सांगितले होते. फ्लूची लस भावाने दरवर्षी घ्यायची आणि घरातल्या प्रत्येकानेही घ्यायची. मुलांचे गोवर आणि कांजिण्यांचे लसीकरण वेळेवर पूर्ण करायचे. नवजात बाळाला डांग्या खोकला होऊ नये म्हणून त्याच्या आईबापांना आणि आजीआजोबांना लस टोचण्याची पद्धतही याच विचारातून आली आहे आणि अमेरिकेत २००६ पासून तशी शिफारस होती. ज्याला स्वतःला कवच घालता येत नाही त्याच्याभोवती इतरांनी कवच व्हायचे, हे वैद्यकाच्या पुस्तकात फार आधीपासून लिहिलेले होते.

त्या बैठकीत डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती नेमकी उलट्या दिशेची आहे. घरातल्या लहान मुलाला पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंब देऊ नयेत, त्याऐवजी टोचून द्यायची पोलिओ लस द्यावी. तोंडावाटे द्यायच्या लसीत दुर्बल केलेला पण जिवंत विषाणू असतो. तो बाळाच्या आतड्यात वाढतो आणि काही आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो. निरोगी माणसाला त्याचा त्रास होत नाही, उलट गावभर प्रतिकारशक्ती पसरवण्याचे काम तो करतो, आणि भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त ठरला त्यात या थेंबांचा वाटा फार मोठा आहे. पण ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, त्याच्या घरात त्या थेंबांपासून सावध राहावे लागते. माझ्या मुलाचा जन्म २०१८ च्या सुरुवातीचा. त्याला पोलिओची लस टोचूनच दिली गेली. ३१ जानेवारी २०२१ च्या रविवारी पल्स पोलिओची मोहीम होती. अंगणवाडीताई दारात आल्या, मुलाच्या करंगळीवर शाई नाही हे पाहून थबकल्या, आणि मी कार्ड दाखवून सगळे समजावले तरी त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास राहिला. लस नाकारणारे घर म्हणून आमची नोंद झाली की काय, कोणास ठाऊक. त्यांचे मी चुकीचे म्हणणार नाही. त्यांच्या रकान्यात "घरात कोण राहतो" हा प्रश्नच नव्हता.

आणि त्यानंतर महिनाभरातच कोविडची ती यादी आली, आणि तिच्यातही तो प्रश्न नव्हता.

आता यादी कशी लावली होती, याचा विचार करू. कोविडने कोण मरेल, या प्रश्नाच्या उत्तरावर ती बेतलेली होती, आणि लसींचा तुटवडा असताना तो प्रश्न पहिला असणे योग्यच होते. जळगाव जिल्ह्याने तर २०२० च्या उन्हाळ्यात फार मोठी किंमत मोजली होती. आमच्याकडचा मृत्युदर तेव्हा देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर होता, आणि मेलेल्यांत म्हाताऱ्यांचीच संख्या जास्त होती. म्हणून नानांना लस आधी मिळाली याविषयी माझी तक्रार नाही. पण भावासारख्याच्या बाबतीत "कोण मरेल" याच्या जोडीला "त्याच्यापर्यंत रोग कोण आणेल" हा प्रश्नही विचारायला हवा होता, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याला लस दिली असती तरी ती लागेलच याची खात्री नव्हती.

रोग आणणारा होतो मी. गावात आमचे कृषी केंद्र आहे. "ब्रेक द चेन"च्या निर्बंधांत सकाळी सात ते अकरा दुकान उघडे ठेवायला परवानगी होती, आणि चार तासांत दिवसभराची गर्दी काउंटरवर यायची. बोंडअळीला आळा बसावा म्हणून कपाशीच्या बियाण्याची किरकोळ विक्री जूनपर्यंत रोखून ठेवतात. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात, विशिष्ट वाणाच्या दोन पाकिटांसाठी, माणसे एकमेकांच्या खांद्यावरून हात पुढे करतात. मास्क हनुवटीवर असतो, कारण वाणाचे नाव मास्कमधून नीट ऐकू जात नाही. अशा काउंटरवरून उठून मी घरी जात असे. न्हाणीघर, कपडे, जेवणाचे ताट, सगळे वेगळे केले होते. एप्रिल-मे महिन्यांत मी दुकानाच्या माळ्यावर झोपत असे आणि भाऊ गच्चीवरच्या खोलीत, जिथे यावलच्या मे महिन्यात कूलरही गरम हवाच फेकतो. दुकानाचे हिशेब भाऊच लिहितो. वह्या दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जात आणि खाली येत. कोणी पाहिले असते तर हसले असते. आम्हीही कधी कधी हसत होतो.

याच सुमारास, मार्च २०२१ च्या अखेरीस, ब्रिटनच्या लसीकरणविषयक सल्लागार समितीने सरकारला सांगितले, की ज्यांची प्रतिकारशक्ती तीव्रपणे दबलेली आहे अशा प्रौढांच्या घरात राहणाऱ्या प्रौढांना प्राधान्यक्रमातल्या सहाव्या, म्हणजे सहव्याधी असलेल्या पासष्टीखालच्यांच्या, गटाबरोबर लस द्यावी. रक्ताचा कर्करोग, एचआयव्ही, प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार, अशी रुग्णांची व्याख्या होती. आणि घरातला माणूस म्हणजे कोण, याचीही व्याख्या केलेली होती: जो बहुतेक दिवस त्या रुग्णाबरोबर एकाच निवाऱ्यात राहतो आणि ज्याचा निकटचा संपर्क टाळता येण्यासारखा नाही, तो. लस घेतलेला माणूस रोग कमी पसरवतो असा पुरावा तेव्हा नुकताच हाती येऊ लागला होता. एप्रिलच्या अखेरीस पब्लिक हेल्थ इंग्लंडने जो अभ्यास जाहीर केला, त्यात एक डोस घेतलेल्या माणसाला संसर्ग झालाच, तर त्याच्याकडून घरातल्यांना लागण होण्याचे प्रमाण ३८ ते ४९ टक्क्यांनी कमी आढळले. त्या अभ्यासातल्या दोन लसींपैकी एक ॲस्ट्राझेनेकाची होती, म्हणजे पुण्यात कोविशिल्ड या नावाने बनणारी.

ही बातमी मी मोबाइलवर वाचली आणि जेवताना नानांना सांगितली. नाना आयुष्यभर शेतकी सोसायटीच्या राजकारणात राहिलेले. वाटपाच्या याद्या कशा लागतात आणि कशा मोडतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. ते म्हणाले, की तिकडे माणशी दोन डोस ठेवलेले असतील, इथे आपल्या रुग्णालयात दिवसाला येतात त्यापेक्षा जास्त म्हातारे फाटकाबाहेर उन्हात उभे असतात. तुला आधी दिली तर त्यातल्या कोणाची राहील, ते तू मला दाखव. मी काही दाखवू शकलो नाही. मार्च आणि एप्रिलमध्ये, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पायी आलेल्या बासष्ट वर्षांच्या बाईच्या पुढे, माझ्यासारख्या धडधाकट माणसाला उभे करावे, असे मी आजही म्हणणार नाही.

पण नानांच्या प्रश्नाला १ मे रोजी उत्तर मिळाले, आणि ते फार विचित्र होते. त्या दिवशी अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या सर्वांना एकदम लस खुली झाली. देशभरात हा गट सुमारे ५९ कोटींचा. इतक्या मोठ्या गटात आधी कोण आणि नंतर कोण, याचा कोणताही क्रम ठरवलेला नव्हता. क्रम ठरवला तो लसनोंदणीच्या कोविन संकेतस्थळावरच्या स्लॉटने, म्हणजे मोबाइलच्या वेगाने आणि बोटांच्या चपळाईने. संध्याकाळी स्लॉट उघडायचे आणि डोळ्यांची पापणी लवते तोवर भरलेले दिसायचे. शहरांतली मुले भाड्याची गाडी करून खेड्यातल्या केंद्रांवर येऊन लस घेऊन जात आणि गावातली माणसे कट्ट्यावर बसून ती गाडी जाताना पाहत. भावाचे नाव नोंदवलेले होते, माझेही होते. दोन आठवडेही झाले नाहीत तोवर साठा संपत आल्याने महाराष्ट्राने या वयोगटाचे लसीकरण तात्पुरते थांबवले आणि उरलेले डोस पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोससाठी वळवले. तो निर्णय बरोबर होता. पण त्याआधीच्या दिवसांत जे डोस तरुणांना दिले गेले, त्यांचे काय? तिथे स्पर्धा म्हातारी बाई आणि मी अशी नव्हतीच. तिथे एका बाजूला डायलिसिसवरचा पस्तीस वर्षांचा माणूस, किमोथेरपी चाललेल्या मुलीची आई, किडनी बदललेला माझा भाऊ आणि त्याला रोज भेटणारा मी होतो, आणि दुसऱ्या बाजूला ज्याचे इंटरनेट बरे चालते असा कोणीही. या गटापुरता तरी क्रम लावायला एकही जादा डोस लागणार नव्हता. माझे सगळे म्हणणे एवढ्याच जागेपुरते आहे, आणि तिथे मी मागे हटायला तयार नाही.

क्रम लावायला माहिती कुठून आणणार, असे कोणी विचारील. माहिती होती. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही मोहीम झाली, तेव्हा आशाताई आणि स्वयंसेवक हातात तापमान मोजायची बंदूक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर आले होते. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी घरातल्या प्रत्येकाचे तापमान लिहिले, कोणाला मधुमेह, कोणाला हृदयविकार, कोणाला किडनीचा आजार, कर्करोग, हे विचारले आणि भावाच्या नावापुढे नोंद केली. त्या मोहिमेच्या नावातच कुटुंब होते. जबाबदारी वाटताना सरकारने आम्हाला कुटुंब म्हणून मोजले आणि लस वाटताना सुटी माणसे म्हणून मोजले, हे मला तेव्हाही खटकले होते आणि अजूनही खटकते.

मात्र घर मोजायचे म्हटले तर कोणते घर, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पहिला विचार शिधापत्रिकेचा येतो, कारण सरकारदरबारी आपले घर म्हणजे तेच. पण आमच्या शिधापत्रिकेवर लग्न होऊन जामनेरला गेलेल्या बहिणीचे नाव कित्येक वर्षे तसेच होते, आणि रोज सकाळी आमच्या अंगणात येऊन चहा पिणाऱ्या, दुपारी आमच्याच घरची भाकरी खाणाऱ्या आणि भावाच्या खोलीचा कूलर पाण्याने भरून देणाऱ्या सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे) नाव त्यावर नाही, असूही शकत नाही. विषाणूच्या हिशेबाने बहीण आमच्या घरातली नव्हती आणि सालदार होता. भांडी घासायला येणाऱ्या मावशी होत्या. उलट देवाधर्माच्या हिशेबाने आमचे घर केवढे मोठे! श्रावणात कानबाई ही आमची खानदेशची देवी बसते तेव्हा रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू सगळ्या भाऊबंदकीचे एकत्र होतात, आणि त्या रोटांना बसणारी माणसे मोजायला गेले तर शंभराच्या पुढे जातात. २०२१ च्या कानबाईला भाऊ खाली आलाच नाही. चुलत्यांपैकी काहींना ते आवडले नाही, आणि एका काकूंनी त्याचा रोट वेगळा काढून वर पाठवला. ब्रिटिश समितीची व्याख्या मला म्हणूनच पटते. तिने नाते विचारले नाही, कागद विचारला नाही. बहुतेक दिवस एका छपराखाली कोण, एवढेच विचारले. आपल्याकडे ती थोडी ताणावी लागेल, म्हणजे सालदार आणि मावशी तीत मावतील. पण ताणता येण्यासारखी आहे.

याहून अवघड गोष्ट दाखल्याची. सहव्याधीसाठी नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागत होते. घरातल्यांसाठीही तसेच काहीतरी लागले असते, आणि दाखला लागतो म्हटले की खोटा दाखलाही येतो. त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. पाच खोटे दाखले गेले तरी पंचाण्णव खरी घरे वाचतात, आणि स्लॉटच्या शर्यतीत तर सगळेच बिनदाखल्याचे होते. काळजी वाटते ती निराळ्या गोष्टीची. गावात लस घ्यायला रांगेत उभे राहणे म्हणजे चावडीवर उभे राहणे. तिशीतला माणूस म्हाताऱ्यांच्या रांगेत का, हे चार जण विचारणार आणि पाचवा उत्तर देणार. भावाच्या लग्नाचे तेव्हा बघत होतो. किडनीविषयी आम्ही कोणत्याही स्थळापासून काही लपवले नाही, पण आम्ही सांगणे वेगळे आणि रांगेने सांगणे वेगळे. आणि ज्या घरात एचआयव्ही आहे, त्या घराने काय करावे? अशा घरातली सून आपल्या नवऱ्याच्या आजाराचा कागद हातात घेऊन गावच्या केंद्रावर येईल, असे ज्याला वाटते, त्याने गाव पाहिलेले नाही. म्हणून अशी यादी गावच्या केंद्रावर चालवून उपयोग नाही. जिथे रुग्णाचा उपचार चालतो, तिथूनच ती चालायला हवी: डायलिसिस केंद्र, कर्करोगाचा वॉर्ड, एचआयव्हीची औषधे देणारे एआरटी केंद्र, प्रत्यारोपणाचा बाह्यरुग्ण विभाग. रुग्णाबरोबर येणारा माणूस तिथे आधीच बाकावर बसलेला असतो, त्याला कोणी काही विचारत नाही, आणि डॉक्टरांना त्याचा चेहरा ओळखीचा असतो. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा आणणाऱ्या मुलाला त्याच खोलीत लस टोचली असती, तर ना दाखला लागला असता ना रांग.

आमच्या घरी मला आणि भावाला पहिला डोस जूनच्या शेवटच्या आठवड्यात, एकाच दिवशी मिळाला, म्हणजे बियाण्याची गर्दी ओसरल्यावर. कोविशिल्डच्या दोन डोसमधले अंतर तोवर बारा ते सोळा आठवडे झाले होते. दुसरा डोस सप्टेंबरच्या अखेरीस. मधल्या काळात अमेरिकेने ऑगस्टमध्येच प्रतिकारशक्ती दबलेल्यांना तिसऱ्या डोसची परवानगी दिली. फ्रान्समधल्या प्रत्यारोपण झालेल्या १०१ जणांच्या अभ्यासात दोन डोसनंतर ४० टक्के असलेला प्रतिसाद तिसऱ्या डोसने ६८ टक्क्यांवर गेलेला दिसला होता. आपल्याकडे १० जानेवारी २०२२ पासून जो खबरदारीचा, म्हणजे तिसरा, डोस सुरू झाला, तो आरोग्य कर्मचारी, आघाडीचे कर्मचारी आणि साठीपुढचे सहव्याधीग्रस्त यांना. पुन्हा जन्मतारीख.

त्याच जानेवारीत, ओमायक्रॉनच्या लाटेत, भावाला कोविड झाला. घरातल्या सर्व मोठ्या माणसांचे दोन डोस झालेले होते. ताप, खोकला, चार दिवस ऑक्सिजनच्या पातळीकडे डोळे लावून बसणे, मायकोफेनोलेट काही दिवस बंद, क्रिएटिनिन थोडे वर जाऊन पुन्हा खाली. तो बरा झाला. रोग कोणी आणला, हे कधी कळले नाही. माझा घसा त्याच्या आधी दुखला होता, मुलगी शाळेतून सर्दी घेऊन आली होती, मावशींच्या घरी सगळेच आजारी होते. हा प्रश्न आमच्या घरात कोणी मोठ्याने विचारला नाही, आणि तो न विचारण्याचे श्रेय मी आईला देतो. एकदा मुलगी रडवेली होऊन काही म्हणू लागली, तेव्हा आईने तिला जवळ घेऊन विषयच तोडला. ज्या घरात आजारी माणसाच्या भोवतीचे सगळे कवच म्हणून राहतात, तिथे कवचातले छिद्र कोण, हा संशय तापापेक्षा जास्त दिवस टिकू शकतो. धोरण आखणाऱ्यांच्या आकड्यांत हा खर्च कुठेही येत नाही.

तोवर शास्त्रही बदलले होते, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. ब्रिटनमधल्याच घरांवर डेल्टाच्या काळात झालेल्या अभ्यासात, लस घेतलेल्या रुग्णाकडून घरातल्यांना लागण होण्याचे प्रमाण २५ टक्के आणि न घेतलेल्याकडून २३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच आढळले. स्वतः लस घेतलेल्यांना लागण कमी होत होती, २५ विरुद्ध ३८ टक्के. पण एकदा लागण झाली की लसीमुळे ती पुढे जायची थांबत नव्हती. ओमायक्रॉनने उरलेसुरले संरक्षणही पातळ केले. म्हणून घरातल्यांना प्राधान्य देण्याचा युक्तिवाद कायमचा आणि सर्वकाळ सारखाच बळकट आहे, असा दावा मी करणार नाही. तो सर्वांत बळकट होता २०२१ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात, जेव्हा लस नवी होती आणि डोस थोडे होते. नेमक्या त्याच काळात तो आपल्याकडे धोरण आखताना कोणी मांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुढच्या साथीत लस पहिल्या दिवशी किती पसरण थांबवते, हे आधी पाहावे लागेल आणि त्यावरून घरांचा क्रम वर किंवा खाली न्यावा लागेल. यादी लवचिक असली पाहिजे. पण तिच्यात घराचा रकाना असल्याशिवाय ती कशाला वाकवणार?

भावाला तिसरा डोस मिळाला तो जुलै २०२२ मध्ये, सरकारने पंचाहत्तर दिवसांसाठी तो सर्व प्रौढांना मोफत केला तेव्हा, आणि मलाही त्याच वेळी. तेव्हा केंद्रावर गर्दी नव्हती, नर्सबाई खुर्चीत बसून वाट पाहत होत्या.

आता कोविडविषयी घरात क्वचितच बोलणे होते, पण फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घेतो. सगळे घेतो, मुलेही. ती टोचून घ्यायची, मृत विषाणूंची घेतो; नाकात फवारायची जिवंत विषाणूंची लस टाळतो. सरकारी कार्यक्रमात फ्लूची लस आमच्यासारख्यांसाठी नाही, त्यामुळे माणशी हजारापेक्षा जास्त रुपये खासगी दवाखान्यात मोजावे लागतात, आणि सात-आठ माणसांच्या घराला हा खर्च छोटा नाही. सालदाराची आणि मावशींची लसही आम्हीच करतो. सालदार पहिल्या वर्षी तयार नव्हता; मला काही झालेले नाही तर सुई कशाला, हे त्याचे म्हणणे रास्त होते. भावाने त्याला स्वतः खाली येऊन समजावले, की ही सुई तुला असली तरी कामाला मला येणार आहे. तो हसला आणि त्याने बाही वर केली. हा खर्च भाऊ दुकानाच्या वहीत "देखभाल व दुरुस्ती" या सदरात लिहितो. आमच्या कर सल्लागारांनी त्यावर दोनदा हरकत घेतली आहे आणि भावाने दोन्ही वेळा ती नोंद खोडायला नकार दिला आहे.